खर्ज ऐकणारी

बुधवारी दुपारी आमच्या ड्रमवाल्याचा फोन आला. मी जेवणानंतरची भांडी घासत होतो, म्हणून फोन दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला.

"काहून बे, फोन काहून नाही उचलत?"

"हात ओले होते."

"बरं, ऐक. या रविवारी येतो का नाही, ते सांगून टाक. सर शेवटचं विचारून राहिले. तू नाही येत तं आपण पाडव्याचा कार्यक्रम ट्रॅकवर करून राहिलो."

ट्रॅक म्हणजे आधीच तयार करून ठेवलेली साथ. लॅपटॉपला जोडली की त्यातून तबला, व्हायोलिन, ड्रम, बेस सगळं एकदम येतं. रिकामी असते ती फक्त गाणाऱ्याची जागा. नागपुरातली बहुतेक हौशी मंडळी आता अशीच गातात. हाताने वाद्यं वाजवणारे आमच्यासारखे थोडे उरलेत.

"मग तू काय करशील?" मी विचारलं.

"मी? समोर बसून टाळ्या वाजवीन. ड्रमही ट्रॅकमध्येच असते ना गा." मग तो म्हणाला, "जबरदस्ती नाही. वहिनी गेल्यापासून आम्ही कोणी तुले काही म्हटलं का? पण शनिवारपर्यंत हो का नाही, ते सांग."

माझी बायको जाऊन तेरा महिने झाले होते. त्या तेरा महिन्यांत माझी बेस गिटार बैठकीच्या कोपऱ्यात कव्हरमध्ये उभी होती. मी तिच्याभोवतीचा केर काढत असे, फरशी पुसताना ती उचलून पुन्हा तिथेच ठेवत असे. कव्हरची चेन मात्र उघडली नव्हती. दुःखात माणसाला गाणंबजावणं नको वाटतं, असं लोकांनी समजून घेतलं होतं आणि मीही त्यांना तसं समजू दिलं. खरं कारण वेगळं होतं आणि ते सांगायचं तर मला बरंच मागे जावं लागेल.

बेस गिटार मी निवडली नाही. पंचविशीत मी साधी गिटार वाजवायचो, तीही बेताचीच. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नुकताच लागलो होतो. संध्याकाळी गणिताच्या एका मास्तरांच्या घरी सात-आठ जण जमत. ते कीबोर्ड वाजवत आणि आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो, अजूनही म्हणतो. तिथे आम्ही तीन गिटारवाले होतो. एकदा सर वैतागले. म्हणाले, "तिघं मिळून एकच वाजवता. तुमच्यातल्या कोणीतरी जाड तारांची घ्या." दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. इतकंच.

बेसला चारच तारा असतात, पण जाड, आणि आवाज अगदी खालचा, खर्जातला. ऐकणाऱ्याला तो वेगळा ऐकू येत नाही. गाण्याला काहीतरी कमी पडलंय, एवढंच तो नसला की जाणवतं. मी ग्रंथालयातला माणूस; जुन्या पुस्तकांची शिवण उसवली की पानं कशी हातात येतात, ते रोज पाहायचो. त्यामुळे असलं काम करायला मला कमीपणा वाटला नाही. शिवाय मी मागे, ड्रमच्या शेजारी उभा राहायचो. माझ्याकडे कोणी बघायचं नाही, आणि ते मला आवडायचं.

आम्ही स्वतःला बँड म्हणायचो. पण आमच्याकडे बँड म्हटलं की लोकांना लाल कोट घालून वरातीपुढे चालणारे आठवतात. माझ्या सासऱ्यांना लग्न जमवताना कोणीतरी सांगितलं की मुलगा बँडमध्ये वाजवतो. ते काटोलकडचे शेतकरी. त्यांनी माझ्या काकांना बाजूला घेऊन विचारलं, "ग्रंथालयातली नोकरी पक्की आहे ना पण?"

लग्नानंतर पहिल्यांदा ती माझा कार्यक्रम ऐकायला आली, तो आमच्याच नंदनवनातल्या गणपतीचा होता. दोन तास वाजवलं. चांगलं वाजवल्यासारखं मला वाटत होतं. एका शेजाऱ्याने हात मिळवून "गिटार एक नंबर झाली" असंही सांगितलं. वायरी गुंडाळताना ध्वनिक्षेपकवाला जवळ आला. "साहेब, राग मानू नका. तुमचा आवाज लई घुमून राहिला होता, म्हणून मी पहिल्याच गाण्यात बंद करून टाकला."

स्कूटरवर बायको मागे बसली होती. मग जपून म्हणाली, "एक विचारू का? तुमचं कोणतं वाजून राहिलं होतं? मी सगळं ध्यान देऊन ऐकलं, पण मले ते सापडलंच नाही."

मी तिला खरं काय ते सांगितलं. ती इतकी हसली की मला स्कूटर बाजूला घ्यावी लागली. "म्हणजे माझे कान ठीक आहेत बाप्पा! मी तं घाबरली होती."

ती एका प्राथमिक शाळेत शिकवायची. शाळेत "मला, तुला" आणि घराचं फाटक उघडलं की "मले, तुले". हा बदल ती चप्पल काढावी इतक्या सहज करायची. दुसऱ्या दिवशी तिने मला खोलीत बसवलं आणि म्हणाली, "आता दाखवा, तुमचं कोणतं असते ते."

घरी माझ्याकडे ॲम्प्लिफायर नव्हता, आणि तो नसला की बेस नुसती खुळखुळते. पण सगळ्या बेसवाल्यांना माहीत असलेली एक युक्ती आहे. तारा आवळायच्या खुंट्या जिथे असतात ते गिटारचं डोकं लाकडी वस्तूला टेकवायचं. कपाट, दार, काहीही चालतं. ते लाकूडच मग बोलायला लागतं. मी ते आमच्या सागवानी पलंगाच्या पाठीला टेकवलं आणि एक ओळ वाजवली. ती पलंगावर पाठ टेकून बसली होती. एकदम सरळ झाली.

"हे तं पाठीत वाजून राहिलं!"

"हेच माझं."

"अन् हे गाणं कोणतं?"

मी सांगितलं. तिने ते गुणगुणून पाहिलं, मला पुन्हा वाजवायला लावलं, आणि कुठे काय बसतं ते स्वतःच जुळवलं. तिथून पुढे ती सुट्टीच्या दिवशी दुपारी आडवी व्हायची, मी पलंगाशी स्टूल घेऊन सराव करायचो. ती झोपली आहे असं समजून मी एखादी चूक तशीच सोडली, तर डोळे न उघडता म्हणायची, "ते पुन्हा घ्या."

तिच्या कानाची खात्री मला कितीतरी वर्षांनी पटली, आणि ती आमच्या हातून झालेल्या एका फजितीमुळे. मनीषनगरातल्या एका मैदानावर आमचा दिवाळी पहाटेचा कार्यक्रम होता. सकाळी साडेपाचची वेळ. लोक अभ्यंगस्नान करून, कोरे कपडे घालून सतरंज्यांवर बसलेले, थंडीत सगळीकडे उटण्याचा वास. आमच्या गाणाऱ्या बाईंचा गळा तेवढ्या सकाळी उघडेना. तिसऱ्या गाण्याआधी त्या सरांच्या कानात म्हणाल्या, "आज वरचा सूर लागणार नाही, जरा खाली घ्या."

कीबोर्डवर त्यासाठी एक बटण असतं. ते दाबलं की वाजवणाऱ्याने बोटं नेहमीच्याच पट्ट्यांवर ठेवायची, आवाज आपोआप अर्धा सूर खाली उतरतो. सरांनी बटण दाबलं. माझ्या गिटारला तसलं बटण नाही. मला कोणीतरी सांगावं लागतं. सर सांगायला विसरले. आणि मला पहिल्यापासूनची खोड अशी, की मी सरांच्या डाव्या हाताकडे बघून वाजवायचो. त्यांचा हात नेहमीच्या जागी, म्हणून माझाही नेहमीच्या जागी. म्हणजे सगळा बँड एका सुरात आणि मी एकटा अर्धा सूर वर. मुखड्यालाच काहीतरी करकरलं. पण मी पुन्हा सरांच्या हाताकडे पाहिलं, तो बरोबर होता, आणि मी कानावर विश्वास न ठेवता डोळ्यांवर ठेवला. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर सरांना आठवलं. ते माझ्याकडे बघून तोंडाने "अर्धा खाली, अर्धा खाली" करायला लागले. ड्रमवाल्याला वाटलं, ते लय कमी करायला सांगताहेत. त्याने लय कमी केली. बाईंना वाटलं, गाणं संपवायचं आहे. त्यांनी दोन आवर्तनं आधीच गाणं संपवलं.

जोरदार टाळ्या पडल्या. फराळाच्या वेळी आयोजकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून "तिसरं गाणं फार रंगलं" म्हणून सांगितलं. ड्रमवाला चिवडा खाता खाता म्हणाला, "पाहा बे, आपण असे वाजवतो की चूक झाली तरी पब्लिकले गोड लागते."

मी मात्र खचलो होतो. बाकीच्यांना चूक कळली नाही याचं बरं वाटण्याऐवजी, इतकी वर्षं आपण जे वाजवतो ते बरोबर असो की चूक, कोणाला त्याने काहीच फरक पडत नाही, एवढंच डोक्यात बसलं. घरी निघालो. बायको मागे बसली, पदर नीट केला आणि विचारलं,

"तिसऱ्या गाण्यात तुम्ही सगळ्यांशी भांडून राहिले होते का?"

मी स्कूटर सुरू न करता वळून पाहिलं.

"का? काय झालं?"

"मले काय माहीत काय झालं. सगळे एकीकडे अन् तुम्ही एकीकडे. मंग कडव्यात कुठेतरी समेट झाला."

त्या दिवाळीला मला मिळालेली ती सगळ्यात मोठी दाद. त्यानंतर मी चुकलो तरी मला एकटं वाटलं नाही. हजार माणसांत चूक पकडणारं एक माणूस बसलेलं असायचं. मी तिच्यासाठी वाजवायला लागलो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

तिला कर्करोग झाला, तेव्हा ती निवृत्तीला चार वर्षं असलेली मुख्याध्यापिका होती. धंतोलीतल्या एका रुग्णालयात उपचार सुरू झाले. सलाइनमधून औषध जायचं, तीन आठवड्यांनी पुन्हा. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की या औषधाने कधीकधी कानांवर परिणाम होतो. मोठ्या संकटापुढे आम्ही ते फारसं मनावर घेतलं नाही.

चौथ्या वेळेनंतर एकदा मी बाजारातून आलो, तर घरभर करपल्याचा वास. ती स्वयंपाकघरात कुकरसमोर स्टुलावर बसून होती. "शिटीच नाही होऊन राहिली," ती मला म्हणाली. कुकर तेव्हाही शिट्टी देत होता. मी धावत जाऊन गॅस बंद केला आणि तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. दोघांनाही कळलं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचा कागद दाखवला. त्यावर एक रेघ डावीकडून सपाट चालत आली होती आणि उजवीकडे एकदम दरीत उतरली होती. डावीकडे खालचे सूर, उजवीकडे वरचे, असं त्यांनी समजावलं. वरचे गेलेत, ते परत येण्याची आशा धरू नका. खालचे शाबूत आहेत. म्हणजे फोनची घंटी गेली, चिमण्या गेल्या, आमच्या मुलीचा बंगळुरूहून येणारा बारीक आवाज गेला. माणसांचं बोलणं गढूळ झालं, कारण शब्द ज्यांच्यामुळे कळतात ते स, श, फ उरले नाहीत. जिने तीस वर्षं मुलांचे उच्चार सुधारले, तिला आता सगळं जग तोंडात घास घेऊन बोलल्यासारखं ऐकू येत होतं.

तीन दिवस ती तो तपासणीचा कागद काढून बघत होती. चौथ्या दिवशी दुपारी म्हणाली, "ते आणा तुमचं. टेकवा इथं."

मी गिटार काढली, खुंट्या पलंगाच्या पाठीला टेकवल्या आणि एक जुनी ओळ वाजवली. तिने डोळे मिटले होते. मी दोनदा वाजवली. मग तिने गाण्याचं नाव सांगितलं.

"बरोबर," मी मोठ्याने म्हणालो.

"वरडू नका. तुमचं येते मले ऐकू. पैलेपेक्षा चांगलं येते. मधात कोणी गाऊन नाही राहिलं ना."

तो आमचा खेळ झाला. मी गाण्याच्या सुरुवातीची फक्त बेसची ओळ वाजवायची, चार आवर्तनं, आणि थांबायचं. तिने गाणं ओळखायचं. सुरुवातीला मी सोपी द्यायचो, मग अवघड द्यायला लागलो, आणि तीही इरेला पेटायची. मुद्दाम वेळ घ्यायची. मी "हरलीस का?" असं हाताने विचारलं की म्हणायची, "थांबा जी जरा. घाई कायची आहे?" कधी हरली तर दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना एकदम नाव सांगायची. मी बँडच्या सरावाला जाणं बंद केलं होतं. त्यावरून मात्र ती चिडली. "तुम्ही नाही गेले तं नवीन गाणी कुठून आणसान? तेच तेच ओळखू का मी?" म्हणून रविवारी दोन तास शेजारच्या काकूंना बसवून मी मनीषनगरला ड्रमवाल्याच्या घरी जायचो, आणि आल्या आल्या नवीन ओळ तिच्या पाठीशी वाजवायचो. आमच्या बँडने त्या वर्षी जेवढी नवी गाणी बसवली, तेवढी आधीच्या दहा वर्षांत बसवली नव्हती. सर चकित होते. त्यामागचं कारण त्यांना माहीत नव्हतं.

शेवटचे बारा दिवस ती रुग्णालयात होती. तिथे गिटार नेता येत नव्हती. मग मी तिच्या सलाइन नसलेल्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, बोटांनी ती ओळ वाजवायचो. त्यात सूर नसायचे, फक्त ठोके आणि थोडं वरखाली सरकणं. एवढ्यावरून ओळखणं कोणालाही अशक्य. तिला दहातली चार-पाच तरी यायची. नर्सला वाटायचं, मी हात दाबून देतो आहे.

एका दुपारी मी एक संथ गाणं वाजवलं, थांबलो आणि वाट पाहिली. फार वेळ लागला. ओठ सुकले होते, ते मी ओल्या कापसाने टिपले. मग तिने एक नाव सांगितलं. ते चूक होतं. अगदीच वेगळं, उडत्या चालीचं गाणं.

"बरोबर," मी मान हलवली.

आणि तिच्या हातावर मी तेच गाणं वाजवायला लागलो, जे तिने सांगितलं होतं. चार आवर्तनांवर न थांबता पुढे, कडव्यापर्यंत, शेवटापर्यंत. ती किंचित हसली. माझी चलाखी तिला कळली होती की नाही, हे मला सांगता येत नाही. त्यानंतर तिने गाणं ओळखलं नाही. चौथ्या दिवशी ती गेली.

तेव्हा बुधवारच्या त्या फोनला काय उत्तर द्यायचं, हा प्रश्न असा होता. मला संगीत नको झालेलं नव्हतं. रेडिओ मी ऐकायचो. पण दीड वर्ष मी वाजवलेली प्रत्येक ओळ हा एक प्रश्न होता आणि त्याचं उत्तर पलंगावरून येत होतं. आता वाजवलं आणि थांबलो, तर पुढे काय येईल ते मला माहीत होतं, आणि ते ऐकायची मला भीती वाटत होती. दुसरीकडे, नाही म्हटलं तर सर लॅपटॉप उघडणार, आणि तीस वर्षं माझ्या शेजारी बसलेला माणूस समोरच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवणार.

शनिवारी रात्रीपर्यंत मी फोन केला नाही. रविवारी सकाळी नऊला गिटार पाठीला लावली आणि निघालो.

ड्रमवाल्याची माडीवरची खोली. तो दार उघडायला आला, माझ्याकडे पाहिलं, पाठीवरच्या कव्हरकडे पाहिलं. "सांगायचं तं होतं बे. मी चहा एक कप कमी टाकला." आत जाऊन त्याने बायकोला आवाज दिला, "अवं, एक कप वाढव." सर कीबोर्डच्या वायरी लावत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. गाणाऱ्या बाई खुर्ची सरकवून बसल्या.

कव्हरची चेन उघडताना ती मध्ये अडकली. तारांवर थोडा गंज आला होता. सूर लावायला मला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला आणि सगळे माना खाली घालून आपापल्या कामात असल्यासारखं करत होते.

"पाडव्याची यादी हीच," सर म्हणाले. "पहिल्या गाण्याची सुरुवात बेसवर आहे. चार आवर्तनं तू एकटा, मग बाई मुखडा घेतील. जमेल?"

"हो."

ड्रमवाल्याने काड्यांनी चार मोजले. मी सुरू केलं. बोटं मऊ झाली होती, तारा टोचत होत्या, पण हात जागेवर पडत होता. एक आवर्तन, दोन, तीन, चार. आणि मी थांबलो.

चुकून थांबलो असं म्हणवत नाही. हाताला तीच सवय होती. चार वाजवायची आणि थांबायचं. बाईंनी मुखड्यासाठी श्वास घेतला होता, तो तसाच राहिला. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा उरला.

"थांबला काहून बे?" ड्रमवाला म्हणाला.

मी तारांवर तळवा ठेवून उभा होतो. काहीतरी सांगायला हवं होतं म्हणून मी सांगितलं. पलंग, चार आवर्तनं, ओळखायचा खेळ. सगळं नाही, हातावर वाजवायचो ते नाही. चार-पाच वाक्यंच असतील. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी सलग एवढं कधी बोललो नव्हतो. बाई पदराने डोळे पुसत होत्या. सर म्हणाले, "म्हणजे त्या वर्षीची सगळी नवी गाणी…"

ड्रमवाला हातातल्या काड्यांकडे बघत होता. "ओळखू येत होती वहिनीले? नुसत्या बेसवरून?"

"बहुतेक."

"मले तं ड्रम वाजवताना बी कधीकधी समजत नाही कोणतं गाणं चालू आहे ते." त्याने नाक पुसलं. "हे पाहा. तू थांबू नको. चार झाले तरी चालूच ठेव. बाई नाही आल्या तं पाच कर, सहा कर, दहा कर. आम्ही येतो मागून. पण तू थांबून वाट नको पाहू गा."

त्याने पुन्हा चार मोजले. मी वाजवलं. चौथं आवर्तन संपताना हात जड झाला, तो मी पुढे ढकलला. पाचव्याला बाई आल्या, थोड्या भरल्या आवाजात, सूर किंचित खाली. ड्रम आला, सरांचा हात आला. गाणं कोणतं आहे ते आता लपून राहिलं नव्हतं, कोणी ओळखायचं शिल्लक नव्हतं. मी खाली बघून वाजवत राहिलो. दुसऱ्या कडव्यात एक सूर चुकलो. पलंगावरून कोणी "ते पुन्हा घ्या" म्हणालं नाही. मी मनातल्या मनात म्हणालो आणि पुढच्या फेरीला तो बरोबर घेतला.

चार गाणी झाली. पाचव्याला उजव्या हाताची, तारा छेडायची दोन्ही बोटं टरारून फुगली. बेसवाल्याच्या बोटांना घट्टे असतात. माझे तेरा महिन्यांत गळून गेले होते. ड्रमवाल्याच्या बायकोने वाटीत बर्फाचे खडे आणून दिले, मी त्यात बोटं बुडवून बसलो.

"पुढच्या रविवारी येतो का, का शनिवारपर्यंत वाट पाहू फोनची?" त्याने विचारलं.

"फोड आलेत."

"किती दिवसात जाते ते?"

"चार-पाच दिवसांत फुटतील. मग घट्टे धरायला लागतील."

"म्हणजे रविवारपर्यंत होते," असं म्हणून तो यादीतल्या सहाव्या गाण्यासाठी काड्यांनी चार मोजायला लागला, आणि मी वाटीतून बोटं काढून पँटला पुसली.